एआयला एचएसएन विचारण्याआधी: निर्यातीचे कागद कोणत्या क्रमानं करायचे

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या कारखान्यांच्या भागांतून माझ्याकडं निर्यातीचे कागद तपासायला येतात, तेव्हा चूक कुठं असणार हे हल्ली फाइल उघडायच्या आधीच कळतं. गिऱ्हाइकाची पीओ (खरेदीची ऑर्डर) चॅटबॉटमध्ये टाकलेली असते, ‘याचा एचएसएन काय?’ असं विचारलेलं असतं आणि आलेले आठ आकडे, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा कोड, जसेच्या तसे इन्व्हॉइसवर चढलेले असतात. एआय वापरण्याबद्दल माझी तक्रार नाही, मी रोज वापरतो. पण त्याच्याकडून निर्णय मागितला की फसायला होतं आणि तपासणी करून घेतली की ते कामाला येतं. खालचा सगळा क्रम त्या हिशेबानं लावलेला आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १७ प्रमाणे मालाचं मूल्यांकन तुम्ही स्वतः करता आणि कलम ५० प्रमाणे शिपिंग बिलातली (कस्टम्सकडं भरायच्या निर्यातीच्या अर्जातली) माहिती खरी आणि पूर्ण असल्याची जबाबदारीही तुमचीच. ‘सॉफ्टवेअरनं सांगितलं’ किंवा ‘सीएचएनं (कस्टम्स एजंटनं) टाकलं’ हे उत्तर तिथं चालत नाही.

## तयारी: कॉम्प्युटर उघडण्याआधी

टेबलावर हे पाहिजे: मटेरियल ग्रेड लिहिलेलं ड्रॉइंग, पीओ, मागच्या निर्यातीचं शिपिंग बिल, आयईसी (आयात-निर्यात कोड), जीएसटी नोंदणी आणि चालू आर्थिक वर्षाचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र). एलयूटी दर वर्षी नव्यानं भरावं लागतं, फॉर्म आरएफडी-११ मध्ये. आयईसीची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर जाऊन पक्की करावी लागते, काही बदल नसला तरी. एडी कोड (निर्यातीचे पैसे येणाऱ्या बँकेचा कोड) आयसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) मंजूर दिसतोय का तेही बघून ठेवा. नेहमीच्या न्हावा शेवा बंदराऐवजी या वेळी गोव्याच्या मुरगावातून माल जाणार असेल, तर तो कोड तिथंही चालतो का हे सीएचएला आधीच विचारा.

आता पत्ता. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालं, पण जुन्या कागदांवर, बँकेच्या खात्यावर, गिऱ्हाइकाच्या सिस्टीममध्ये जुनं इंग्रजी स्पेलिंग अजून जिवंत आहे. एआयला कागद ‘नीट करून दे’ म्हटलं की ते स्वतःच्या मनानं एकच स्पेलिंग सगळीकडं लावतं. घरी आपण बेळगावच म्हणणार, तो प्रश्न वेगळा. कागदावर मात्र आयईसी आणि जीएसटीवर जे आहे तेच अक्षरन् अक्षर ठेवा आणि एआयला स्पष्ट सांगा: ‘नाव, पत्ता, नंबर यांना हात लावू नको.’

इशारा: ड्रॉइंग अपलोड करण्याआधी टायटल ब्लॉक, गिऱ्हाइकाचं नाव आणि दर झाका. गिऱ्हाइकाशी गुप्ततेचा करार असेल तर फुकटच्या चॅटबॉटमध्ये ड्रॉइंग टाकणं म्हणजे तो करार मोडणं होऊ शकतं. विमानाच्या किंवा संरक्षणाच्या सुट्या भागांचं काम असेल तर आणखी जपा. स्कोमेट यादीचं (निर्यातीला परवाना लागणाऱ्या संवेदनशील मालाच्या सरकारी यादीचं) नियंत्रण फक्त वस्तूंवर नाही, ड्रॉइंग आणि तंत्रज्ञानावरही आहे. असा कागद परदेशी सर्व्हरवर चढवणं हीच एक निर्यात ठरू शकते. अशा भागांसाठी मी एआयला ड्रॉइंग देतच नाही, शब्दांत मोघम वर्णन देतो.

## टप्पा १: मालाचं वर्णन, हातानं

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढं सगळं इथंच बिघडतं.

माझ्यासमोर एकदा साडेचार किलोची एक कास्टिंग होती. ग्रे आयर्न, फेटलिंग झालेली (ओतकामानंतर घासून साफ केलेली), प्रायमर मारलेला. पोट गोगलगायीसारखं वळत गेलेलं, तोंडाला फ्लँज, फ्लँजवर आठ भोकांची जागा दिसत होती पण भोकं मारलेली नव्हती. पीओवर एकच शब्द: ‘हाउसिंग’. मी मुद्दाम एआयला तीन वेळा विचारलं. ‘कास्ट आयर्न हाउसिंग’ म्हटल्यावर उत्तर आलं ७३२५, म्हणजे लोखंडाच्या इतर ओतीव वस्तू. ‘बेअरिंग हाउसिंग’ म्हटल्यावर ८४८३, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग वगैरे. आणि ‘सेंट्रिफ्यूगल पंपाची बॉडी, मशीनिंग बाकी’ म्हटल्यावर ८४१३ ९१, म्हणजे पंपाचे भाग. वस्तू तीच, वजन तेच. तिन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासानं दिलेली.

म्हणून आधी स्वतः पाच ओळी लिहा:

१. कशाचा बनलाय: ग्रे आयर्न, एसजी (डक्टाइल) आयर्न, स्टील, ॲल्युमिनियम.
२. कसा बनलाय: ओतीव, फोर्जिंग, की बारमधून कापून.
३. कोणत्या अवस्थेत जातोय: कच्ची कास्टिंग, प्रूफ मशीनिंग (दोष बघण्यापुरतं वरवरचं मशीनिंग) झालेली, की जोडायला तयार.
४. कशात बसतो, आणि दुसऱ्या कशात बसू शकतो का.
५. बघताक्षणी ओळखू येतो का, की हा अमुक यंत्राचाच भाग.

पाचवी ओळ शॉप-फ्लोअरवरच्या माणसाला विचारून लिहा. ऑफिसात बसून ती लिहिता येत नाही.

तपासणी: प्रश्न मराठीत विचारला तरी हरकत नाही, पण मालाचं नाव इन्व्हॉइसवर ज्या इंग्रजी शब्दांत जाणार, त्याच शब्दांत द्या. ‘ओतीव भाग’चं इंग्रजी एआय दर वेळी वेगळं करतं.

## टप्पा २: कोड ठरवा, मग एआयला भांडायला लावा

कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे देशागणिक बदलतात. इंटरनेटवर अमेरिकेचे दहा आकडी कोड भरपूर आहेत, एआय बहुतेक तिथूनच उचलतं. दहा आकडे दिसले की निदान संशय तरी येतो. खरा धोका युरोपच्या कोडचा, कारण तोही आठच आकड्यांचा. ७३२५ ९९ नंतरचे दोन आकडे त्यांच्या यादीत वेगळे आहेत आणि आपल्या यादीत वेगळे. आयसगेटवर असा कोड कधी अडतो. कधी अडत नाही, आणि भलत्याच मालाच्या ओळीत जाऊन बसतो. ते जास्त वाईट.

क्रम असा ठेवा. आधी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) साइटवरचं कस्टम्स टॅरिफ उघडा. टप्पा १ च्या पाच ओळी हाताशी धरून चार आकड्यांचं शीर्षक स्वतः निवडा. मग त्या विभागाच्या आणि प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचा. आमच्या भागातल्या मालाला लागणारे मुद्दे मोजकेच आहेत:

कच्ची कास्टिंग. अपुऱ्या वस्तूला पुऱ्या वस्तूचं मूळ स्वरूप आलं असेल, तर ती पुऱ्या वस्तूच्याच शीर्षकात जाते. निर्वचनाच्या सर्वसाधारण नियमांपैकी २(क) हेच सांगतो. वरची पंपाची बॉडी भोकं न मारताही पंपाचीच बॉडी दिसते, त्यामुळं तिला ७३२५ मध्ये ढकलणं कठीण. उलट साधी काउंटरवेट किंवा गटाराची जाळी ७३२५ मध्येच.

नट, बोल्ट, स्क्रू. विभाग १५ ची टीप २ यांना ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ म्हणते. पंपाबरोबर सुटे गेले म्हणून ते पंपाचे भाग होत नाहीत, ७३१८ मध्येच राहतात.

हायड्रॉलिक सिलिंडर. ट्रॅक्टर किंवा टिपरला बसतो म्हटलं की एआय ८७०८ (गाडीचे भाग) किंवा ८४३१ (उचलायच्या-खोदायच्या यंत्रांचे भाग) सांगतं. पण सिलिंडरला स्वतःचं शीर्षक आहे, ८४१२ २१. प्रकरण ८४ मधल्या यंत्रांना विभाग १७ ची टीप गाडीच्या भागांतून बाहेर काढते. व्हॉल्व्हचंही असंच, ८४८१.

एसजी आयर्न. ७३२५ १० हे ‘नॉन-मॅलिएबल’ (ठोकून आकार न देता येणाऱ्या) ओतीव लोखंडासाठी. एसजी आयर्नला मॅलिएबल म्हणायचं की नाही, हा वाद पाइप फिटिंगच्या निमित्तानं युरोपियन न्यायालयापर्यंत गेला होता. एआय मात्र एका वाक्यात निकाल देऊन मोकळं होतं. जास्त माल जाणार असेल तर सल्लागाराला विचारा किंवा कस्टम्सच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडं अर्ज करा. त्याची पीठं दिल्लीत आणि मुंबईत आहेत.

खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या काजूवाल्यांसाठी एकच ओळ: सोललेला साधा काजूगर ०८०१ मध्ये, भाजलेला किंवा खारवलेला २००८ मध्ये. ‘काजू’ एवढंच सांगितलं तर एआय नेहमी पहिलाच देतं.

शीर्षक ठरलं की मग एआय उघडा. मी हे असं लिहितो:

‘मी या मालाला अमुक कोड लावतोय. वर्णन खाली दिलंय. हा कोड चुकीचा आहे असं सिद्ध करायचं असेल तर कोणते मुद्दे मांडशील? प्रत्येक मुद्द्याला विभाग-टीप, प्रकरण-टीप किंवा निर्वचन नियमाचा क्रमांक दे. दुसरा कोणता कोड लागू शकतो आणि तो ठरवायला माझ्याकडून कोणती माहिती पाहिजे तेही सांग. खात्री नसेल तिथं माहीत नाही असं लिही.’

असं विचारल्यावर ते बरंच उपयोगी बोलतं. ‘दुसऱ्या यंत्रात बसतो का’ हा प्रश्न माझ्या डोक्यातून निसटलेला एकदा त्यानंच काढला होता.

तपासणी: त्यानं दिलेली प्रत्येक टीप टॅरिफमध्ये उघडून शब्द बघा. एआय टीप क्रमांक बनवतं, निकालांची नावंही बनवतं. जो निकाल स्वतः वाचला नाही, तो कुठल्याही उत्तरात लिहायचा नाही.

तपासणी: गिऱ्हाईक आयातीला कोणता कोड वापरतं ते विचारा. पहिले सहा आकडे जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर का ते समजून घ्या, त्यांचा कोड डोळे झाकून उचलू नका. युरोपच्या गिऱ्हाइकाला तर हे फारच झोंबतं. तिथल्या सीबॅमच्या (आयात मालावरच्या कार्बन-आकारणीच्या) यादीत ७३१८ आणि ७३२६ (लोखंडाच्या इतर वस्तू) आहेत, ओतीव मालाचं ७३२५ नाही. ओतीव मालावर चुकून ७३२६ पडलं, तर तो माल बनवताना किती कार्बन सुटला याचे आकडे ते तुमच्याकडं मागणार.

इशारा: दोन कोड समोर असतील तर ‘कशाला रोडटेप (निर्यातदाराला मिळणारा करांचा परतावा) जास्त?’ हा प्रश्न एआयला विचारू नका. विचारलात तर ते मनापासून मदत करतं. जास्त लाभासाठी कोड फिरवला असं दिसलं तर माल जप्त होण्यापर्यंत जातं आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाच पटीपर्यंत दंड आहे.

## टप्पा ३: मास्टर शीट

ठरलेलं सगळं एका एक्सेलमध्ये उतरवा, प्रत्येक पार्ट नंबरला एक ओळ: ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, वर्णन, आठ आकडी कोड, टॅरिफमधलं एकक, एका नगाचं निव्वळ वजन, कोड ठरवण्याचं कारण दोन वाक्यांत, ठरवणाऱ्याचं नाव, तारीख. यापुढं कोड या शीटमधूनच घ्यायचा. दर कन्साइनमेंटला एआयला नव्यानं विचारलं की दर वेळी नवं उत्तर येतं, आणि एकाच वस्तूचे तीन शिपिंग बिलांवर तीन कोड हे कस्टम्सच्या जोखीम-प्रणालीला आयतं सापडतं.

एककाचा रकाना गाळू नका. टॅरिफ किलो म्हणत असेल आणि इन्व्हॉइसवर फक्त नग असतील, तर शिपिंग बिल भरताना सीएचए काहीतरी अंदाज टाकतो.

## टप्पा ४: इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट

मसुदा एआयकडून करून घ्यायला हरकत नाही. पण बेरजा एक्सेलमध्ये करा, चॅटमध्ये नको.

इन्व्हॉइस नंबर. यात मी स्वतः पोळलोय. नंबरात इंग्रजी ‘ओ’ अक्षर होतं. स्कॅन केलेल्या इन्व्हॉइसवरून एआयनं माहिती उचलताना त्याचं शून्य केलं आणि तेच शिपिंग बिलावर गेलं. जीएसटीआर-१ मध्ये (जीएसटीच्या विक्री-विवरणपत्रात) आम्ही बरोबर नंबर भरला होता. आयसगेटवर एसबी००५ ही त्रुटी आली आणि आयजीएसटीचा (निर्यातीवर आधी भरलेल्या कराचा) परतावा कितीतरी महिने अडकला. दोन ऑफिसांत हेलपाटे घातले ते वेगळेच. तेव्हापासून आमच्या नंबरात फक्त आकडे आणि एकच आडवी रेघ. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नंबर सोळा अक्षरांच्या आत पाहिजे, तेही सांभाळा.

किंमत. सीआयएफचा (विमा आणि भाडं धरून किमतीचा) सौदा असेल तर भाडं आणि विमा वेगळा दाखवा. शिपिंग बिलावर एफओबी (भाडं आणि विमा सोडून) किंमत लागते, आणि एआय इन्व्हॉइसची एकूण रक्कम तीच समजून उचलतं. डॉलरचा दर कस्टम्सनं जाहीर केलेला घ्यायचा, गूगलवरचा नाही आणि बँकेनं फोनवर सांगितलेलाही नाही.

वजन. वजनकाट्याची पावती, पॅकिंग लिस्ट आणि व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन), तिन्ही जुळली पाहिजेत. काट्याची पावती बऱ्याचदा अर्धी कन्नडमध्ये आणि हातानं लिहिलेली असते. फोटो काढून एआयला दिली तर ते रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं वजन उलटंसुलटं करतं. पावती स्वतः वाचा, नाहीतर ड्रायव्हरकडून वाचून घ्या. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडरोधक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे का, हे बघायलाही गोदामातच जावं लागतं.

मूळ राज्य आणि जिल्हा. सीमाभागातली ही खास चूक. शिपिंग बिलात माल कोणत्या राज्यात आणि जिल्ह्यात तयार झाला ते द्यावं लागतं. कर्नाटकाचा कोड २९, महाराष्ट्राचा २७. पोर्ट महाराष्ट्रात, पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कोल्हापूरचा, कधी मशीनिंगला माल कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जाऊन आलेला. एवढं वाचलं की एआय बिनधास्त २७ भरतं. मास्टर शीटमध्ये हा रकाना घाला आणि तिथूनच उचला. जाता जाता: जॉबवर्कला माल राज्याबाहेर जातो तेव्हा रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल लागतं. निपाणीपलीकडं पाठवतोय, घरचंच तर आहे, असं म्हणून चालत नाही.

## टप्पा ५: कागद एकमेकांशी ताडून बघणं

एआय जिथं पैसे वसूल करून देतं ती जागा ही. पीओ, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि मास्टर शीटमधल्या ओळी, चारही एकत्र द्या आणि म्हणा: ‘काहीही दुरुस्त करू नको. फक्त जिथं फरक आहे तिथली यादी दे: कोणता कागद, कोणती ओळ, इथं काय आणि तिथं काय.’ पार्ट नंबरातली उलटलेली अक्षरं, पीओत २४० आणि पॅकिंगमध्ये २०४, एका कागदावर एफओबी आणि दुसऱ्यावर सीआयएफ. संध्याकाळी सहा वाजता माणसाच्या डोळ्याला हे दिसत नाही.

तपासणी: मुद्दाम एक चूक पेरून बघा. एका ओळीत वजन बदला आणि ते सापडतं का बघा. सापडलं नाही तर त्या दिवशी त्याच्या ‘सगळं जुळतंय’वर विसंबू नका, कागद दोन-दोन करून परत द्या.

## टप्पा ६: सीएचएची चेकलिस्ट

शिपिंग बिल भरण्याआधी सीएचए चेकलिस्ट पाठवतो, बहुतेक रात्री, व्हॉट्सॲपवर, ‘लवकर ओके करा, गाडी गेटला उभी आहे’ या निरोपासह. न वाचता अंगठा पाठवण्याची सवय मोडा. ही चेकलिस्ट एआयला देऊ शकता, पण आठ गोष्टी बोट ठेवून स्वतः वाचा: आयईसी, जीएसटी नंबर, इन्व्हॉइस नंबर आणि तारीख, आठ आकडी कोड, एकक आणि संख्या, एफओबी किंमत, राज्य आणि जिल्हा, रोडटेप किंवा ड्रॉबॅकचा (भरलेल्या शुल्काच्या परताव्याचा) दावा. एलयूटीवर जातोय की आयजीएसटी भरून, तोही रकाना याच वेळी. कारखान्यातच कंटेनर भरून ई-सील लावत असाल तर सीलचा नंबर डोळ्यांनी बघून टाका, फोटोवरून एआयनं वाचलेला नको.

इशारा: लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल जाऊ देण्याची कस्टम्सची परवानगी) मिळाल्यावर दुरुस्ती करायची तर कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो. ती मिळेलच असं नाही.

## टप्पा ७: माल गेल्यावर

जीएसटीआर-१ च्या तक्ता ६ए मध्ये तोच इन्व्हॉइस नंबर, तीच तारीख, शिपिंग बिल नंबर आणि पोर्ट कोड भरा. इथं मास्टर शीट नको, प्रत्यक्ष शिपिंग बिल समोर ठेवा.

कस्टम्सची क्वेरी आली तर उत्तराचा मसुदा एआयकडून घ्या, पण त्याला क्वेरीबरोबर तुमचं कारण द्या, म्हणजे मास्टर शीटमधली ती दोन वाक्यं. कारण न देता मसुदा मागितलात तर ते माफीनामा लिहितं, आणि जी चूक केलीच नाही ती कागदावर कबूल होऊन बसते. असा एक मसुदा सहीपर्यंत पोचलेला मी पाहिलाय.

कस्टम्ससाठी सगळे कागद पाच वर्षं जपायचे, जीएसटीचे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने. त्याच फोल्डरमध्ये एआयला विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर तारखेसह ठेवा. आणि त्याच पार्टची पुढची ऑर्डर आली की आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघा. बदलला असेल तर टप्पा १ पासून.